छातीवरची लाल रेघ

रेडिएशनच्या खोलीत पहिल्यांदा गेलेल्या बाईच्या नजरेत सगळ्यात आधी भरते ती लाल रेघ. टेबल थंड आणि टणक असते, हात डोक्यामागे आधाराला टेकवलेले असतात, छाती उघडी असते. तंत्रज्ञ खोलीतला दिवा मंद करतो आणि भिंतींतून, छतातून निघालेल्या बारीक रेघा अंगावर येऊन एकमेकींना छेदतात. काही रुग्णालयांत त्या हिरव्या असतात. तंत्रज्ञ वाकून बघतो, टेबल दोन-चार मिलिमीटर सरकवतो. कातडीवर आधीच गोंदवलेल्या तिळाएवढ्या ठिपक्यावर रेघांचा छेद नेमका बसला की तो बाहेर जातो. जाड दार लागते, यंत्राची घरघर सुरू होते. पुढची काही मिनिटे ती बाई त्या रेघेचाच विचार करत पडून असते. कॅन्सर जाळायचे काम ती रेघच करते आहे, असे तिला वाटते.

घरी आल्यावर ती शेजारणीला सांगते, "आज लेसर मारलं."

रेघा लेसरच्याच असतात, पण उपचार त्या करत नाहीत. शरीर रोज त्याच जागी, त्याच कोनात ठेवता यावे म्हणून त्या असतात, गवंड्याने भिंतीला ओळंबा लावावा तशा. कॅन्सरच्या पेशी मारणारे क्ष-किरण यंत्राच्या डोक्यातून निघतात. ते दिसत नाहीत आणि अंगाला जाणवतही नाहीत. जे दिसते त्यालाच उपचार समजणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडे रेडिएशनला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणायची रीतच आहे. त्यात लेसर हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. चष्मा घालवायला लेसर, मूळव्याधीला लेसर, मुतखड्याला लेसर, चेहऱ्यावरचे केस काढायला लेसर. तालुक्याच्या स्टँडसमोरच्या पाट्या वाचत गेले, तर चाकूचे दिवस संपले असेच कोणालाही वाटेल. त्यामुळे स्तनात गाठ निघाली आणि सर्जनने शस्त्रक्रियेचे नाव काढले की नवरा, भाऊ किंवा ती स्वतः विचारते, "लेसरनं होत नाही का हो डॉक्टर?"

या प्रश्नाला गर्दीच्या ओपीडीत 'नाही' असे एका शब्दात उत्तर मिळते. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते बरोबरही असते. तरी या प्रश्नाचे पुरे उत्तर ऐकण्यासारखे आहे, कारण गेल्या साठ वर्षांत लेसरने या आजाराच्या आसपास बरीच दारे ठोठावली. काही उघडली नाहीत, काही किलकिली झाली. जे सगळ्यात मोकळे उघडले ते मात्र कोणी ठोठावलेलेच नव्हते.

वीज गेलेल्या रात्री पेटती बॅटरी तळहाताखाली धरली की बोटे लालभडक दिसतात. हा खेळ लहानपणी प्रत्येकाने केलेला असतो, आणि लेसरची ताकद व मर्यादा दोन्ही त्यात आहेत. रक्तातले हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश पिऊन टाकते. लाल प्रकाश त्यातून वाट काढतो. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी थोडा आत जातो. पण 'आणखी थोडा' म्हणजे किती? उपचाराला पुरेल एवढा लाल प्रकाश मांसात जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पोचतो. त्याच्या पुढे तो विखरून विरून जातो. म्हणजे प्रकाशाने कॅन्सरशी झुंजायचे तर एक तर गाठ कातडीलगत हवी, नाही तर प्रकाश सुईतून गाठीच्या पोटात नेऊन सोडायला हवा.

लेसर हा प्रकाशच, फक्त शिस्तीचा. बल्बचा प्रकाश जत्रेतल्या गर्दीसारखा असतो: नाना रंगांचा, नाना दिशांना पांगलेला. लेसर म्हणजे दिंडी. एक रंग, एक दिशा, आणि सगळ्यांचे पाऊल एका तालावर. असा प्रकाश निघू शकेल याचे गणित आइनस्टाइन यांनी १९१७ साली मांडले. प्रत्यक्षात तो १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढून दाखवला. वर्ष-दोन वर्षांतच अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन तो माणसाच्या कातडीवर वापरून पाहू लागले होते.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर लेसरला खरी जागा मिळवून दिली ती बारामतीत जन्मलेल्या एका माणसाने. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ सालचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि तिथून न्यू जर्सीतल्या बेल लॅबमध्ये. तिथे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर बनवला. त्याच्या किरणाची तरंगलांबी अशी आहे की पाणी तो क्षणात शोषून घेते. मांसात पाणीच जास्त, त्यामुळे किरण पडला की तिथला पातळ थर वाफ होऊन उडतो आणि खालच्या थराला फारशी झळ लागत नाही. कापता कापता बारीक रक्तवाहिन्यांची तोंडेही मिटतात. घशाच्या, स्वरयंत्राच्या आणि कातडीच्या शस्त्रक्रियांमध्ये हा लेसर आजही वापरला जातो.

स्तनाच्या कॅन्सरसाठीही सर्जन मंडळींनी तो हाती घेऊन पाहिला. स्तन काढताना कातडीखालचा मोठा सपाट भाग सोडवावा लागतो. त्यात रक्त झिरपते आणि नंतर पाणी साठते. लेसरने रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या जागच्या जागी मिटल्या तर दोन्ही त्रास कमी होतील, अशी आशा होती. पण एवढा मोठा भाग लेसरने सोडवायला वेळ लागतो. या लेसरचा किरण नेहमीच्या काचतंतूतून नेता येत नसल्याने तो आरशांच्या सांधेदार दांड्यातून न्यावा लागतो, म्हणजे हातात अवजड नळी आली. आणि विजेवर चालणारी कॉटरी कापण्याचे व रक्त थांबवण्याचे काम कितीतरी स्वस्तात करत होती. आजही देशातल्या बहुतेक ठिकाणी स्तनाची शस्त्रक्रिया चाकू आणि कॉटरीनेच होते. लेसर नाही म्हणून तिथल्या बाईला कमी दर्जाचा उपचार मिळाला, असे कोणी समजू नये.

चाकू म्हणून लेसर मागे पडला, पण सुई म्हणून त्याची गोष्ट वेगळी आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले स्टीफन बाऊन यांनी १९८३ साली एक साधी कल्पना मांडली. गाठ उघडायचीच नाही. केसासारखा काचतंतू सुईतून तिच्या मध्यभागी न्यायचा आणि मोजक्या वॅटचा प्रकाश बराच वेळ सोडत राहायचा. मांस वाफ होऊन उडत नाही, आतल्या आत शिजते. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या पुढे गेला की घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, पेशींतल्या प्रथिनांचेही तसेच होते. अशी मेलेली गाठ शरीर हळूहळू पचवून टाकते, मागे वण राहतो.

शिकागोच्या रश विद्यापीठातले सर्जन कँबिझ दौलतशाही यांनी ही कल्पना स्तनाच्या लहान कॅन्सरवर वर्षानुवर्षे घासून-पुसून वापरण्याजोगी केली. बाई टेबलावर पालथी झोपते. टेबलाला भोक असते, त्यातून स्तन खाली सोडलेला असतो आणि दोन पट्ट्यांमध्ये हलकेच धरून ठेवलेला असतो. क्ष-किरणांची चित्रे दोन कोनांतून घेऊन गाठीचा मध्य शोधला जातो. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, बाई जागी असते आणि बोलू शकते. मग लेसरच्या तंतूची सुई गाठीच्या मध्यात जाते आणि तिच्यापासून सेंटिमीटरभर अंतरावर दुसरी सुई बसते. ही दुसरी सुई नुसती तापमान मोजते. तंतूचे टोक करपू नये म्हणून त्याच्या बाजूने सलाइनचे थेंब सोडत राहतात. लेसर सुरू झाला की पडद्यावर आकडा चढू लागतो आणि खोलीत सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात. कडेच्या सुईने साठ अंश दाखवले की मधला सगळा भाग त्याहून जास्त तापून मेला, असे धरून लेसर बंद करतात. कातडीवर उरते सुईने केलेले बारीक छिद्र. टाका घालावा लागत नाही.

हे ऐकून कोणालाही वाटेल, मग सगळ्यांनाच हे का नाही?

त्याचे उत्तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सापडते. त्यात ६१ स्त्रियांच्या दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी लेसरने जाळल्या आणि नंतर त्या जागेची शस्त्रक्रिया करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. ५१ जणींच्या गाठीत जिवंत कॅन्सर उरला नव्हता, म्हणजे शंभरात ८४. सुईच्या एका छिद्रातून एवढे साधले ही मोठीच गोष्ट आहे. पण उरलेल्या दहा जणींचा कॅन्सर पुरता मेला नव्हता, हेही तितकेच खरे. शस्त्रक्रियेत सर्जन गाठ भोवतालच्या निरोगी मांसासकट काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतो. पॅथॉलॉजिस्ट तिच्या कडांना शाई लावतो आणि शाईपर्यंत कॅन्सर आला आहे का ते बघतो. आला असेल तर सर्जन पुन्हा थोडे काढतो. लेसरने जाळलेली गाठ आतच राहते, तिच्या कडेला शाई कोण लावणार? त्याच चाचणीत जाळल्यानंतर एमआरआय करून पाहिले, तर 'काही उरले नाही' हा त्याचा निर्वाळा सुमारे ९२ टक्के वेळा खरा निघाला. हा आकडा चांगला आहे, पण कॅन्सरच्या बाबतीत उरलेल्या आठ टक्क्यांची धास्ती कोणत्याही सर्जनला वाटणारच. म्हणून कर्करोगावर ही पद्धत आजही मुख्यतः चाचण्यांच्या चौकटीत आहे. कॅन्सर नसलेल्या साध्या गाठींसाठी, म्हणजे तरुण मुलींत नेहमी आढळणाऱ्या फायब्रोअडेनोमासाठी, अमेरिकेत तिला परवानगी आहे.

शिवाय गाठ जाळली म्हणून बाकीचे उपचार टळत नाहीत. काखेतल्या ग्रंथी तपासाव्या लागतात. गाठीचा स्वभाव, म्हणजे ती हार्मोनवर पोसते आहे की नाही, तिच्यावर हर-टू नावाचे प्रथिन जास्त आहे का, हे जाळण्याआधीच्या बायोप्सीतून पक्के करून घ्यावे लागते. गोळ्या, केमो, शेक यांचा निर्णय त्यावर ठरतो. "एकदा लेसर केला की झालं" असे कोणी सांगत असेल, तर तिथून उठून यावे.

आणि दोन सेंटिमीटर म्हणजे किती, हेही बघायला हवे. आपल्याकडे बायका गाठीचे माप घरातल्या वस्तूंनी सांगतात: बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी. लेसरच्या सुईला चालते ती फार तर सुपारीएवढी गाठ. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची आणि सुमारे ९८ हजार मृत्यूंची नोंद जागतिक आकडेवारीत आहे, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत येणारी गाठ पुष्कळदा लिंबाच्याही पुढे गेलेली असते. दुखत नाही म्हणून थांबलेली, लग्नकार्य आटोपेपर्यंत लपवलेली, नवऱ्याला सांगायची लाज वाटली म्हणून पदराखाली वाढलेली.

इथे मुंबईत झालेल्या एका मोठ्या कामाची आठवण होते. टाटा मेमोरियल सेंटरने मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये १९९८ साली एक पाहणी सुरू केली. तिच्यात दीड लाखाहून जास्त स्त्रिया होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही, फक्त सराव झालेली बोटे. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, न झालेल्या वस्त्यांत ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी भरले. उद्या लेसरची सुई कितीही सुधारली, तरी तिच्या मापाची गाठ वेळेवर हाती लागली पाहिजे, आणि ते काम या बोटांचेच राहणार आहे.

लेसरची दुसरी वाट औषधाच्या सोबतीने जाते. ही कल्पना आपल्याला परकी नाही. कोडावर बावचीच्या बिया लावून उन्हात बसवायचे, हा आयुर्वेदातला जुना उपाय. नुसती बावची पुरत नाही, नुसते ऊनही पुरत नाही. दोन्ही एकत्र आली की कातडीवर परिणाम होतो. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याने असाच प्रकार सूक्ष्मजीवांत पाहिला. एक रंगद्रव्य अंधारात त्यांना काही करत नव्हते, पण उजेड पडला की ते मरत. पुढे १९१२ साली फ्रिड्रिश मेयर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने रक्तापासून काढलेले असे द्रव्य स्वतःला टोचून घेतले आणि ते उन्हात गेले. त्यांचा चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजला आणि उन्हाचा त्रास कित्येक दिवस गेला नाही. त्या सुजलेल्या चेहऱ्याने एक गोष्ट मात्र सिद्ध केली: औषध अंगभर असले, तरी काम तिथेच करते जिथे प्रकाश पडतो.

बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डॉहर्टी यांनी त्यातून कॅन्सरचा उपचार उभा केला. १९७८ साली त्यांच्या गटाने २५ रुग्णांच्या कातडीवरच्या आणि कातडीखालच्या ११३ गाठींवर औषध आणि लाल प्रकाश यांचा वापर केला. त्यातल्या १११ गाठी पूर्ण किंवा काही अंशी विरल्या. या रुग्णांमध्ये स्तनाचा कॅन्सर छातीवर परत उगवलेल्या स्त्रिया होत्या. सुरुवातीला प्रकाश दिव्याचा होता, पुढे त्याची जागा लेसरने घेतली.

छातीवर परत उगवणे म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. स्तन काढला, केमो झाला, शेक झाला, वर्ष-दोन वर्षे बरी गेली, आणि मग जुन्या टाक्याच्या कडेला एक गुलाबी पुटकुळी येते, तिच्या शेजारी दुसरी. त्या फुटतात, वाहतात, त्यांना वास येतो. बाई पाहुण्यांत बसायचे टाळू लागते. त्या जागी पुन्हा कापायला कातडी उरलेली नसते, शेकाची मर्यादा संपलेली असते. अशा वेळी कातडीलगत, मिलिमीटरच्या खोलीवर पसरलेल्या गाठी हे लेसरचे अगदी हक्काचे क्षेत्र. औषध शिरेतून दिले जाते, दोनेक दिवसांनी ठरलेल्या लाल रंगाचा लेसर त्या जागेवर सोडतात. पेशींत साठलेले औषध त्या प्रकाशाने चेतते आणि प्राणवायूचे जहाल रूप तयार करून पेशीला आतून मारते. किंमतही मोजावी लागते. जुन्या औषधाने महिनाभर किंवा जास्त काळ उन्हापासून लपावे लागते, आणि वैशाखात आपल्याकडे हे किती अवघड ते वेगळे सांगायला नको. उपचाराच्या जागी आगही होते. हे औषध अन्ननलिका आणि फुफ्फुसाच्या काही कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्य झाले. छातीवरच्या गाठींसाठी मात्र मोजक्याच केंद्रांनी ते वापरले. तो उपचार आयुष्य वाढवतो असे कोणी म्हटलेले नाही. पण जखम सुकली, वास गेला, बाई पुन्हा माणसांत बसली, तर तिच्या उरलेल्या महिन्यांचे रूपच बदलते. औषधाच्या हिशेबात हे सहसा धरले जात नाही, आणि ते धरायला हवे.

याच विचाराला सोन्याची जोड देण्याचेही प्रयत्न झाले. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ साली सोन्याचा अतिसूक्ष्म मुलामा दिलेले कण स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत घातले. अवरक्त लेसर पडताच कण तापले आणि त्या पेशी मेल्या. पवईच्या आयआयटीत आणि खारघरच्या टाटा संशोधन केंद्रात शास्त्रज्ञांनी २०१५ साली उंदरांवर दाखवले की मेदाच्या बुडबुड्यावर चढवलेले सोने गाठ तापवून झाल्यावर मोडते आणि शरीराबाहेर पडते. हे काम प्रयोगशाळेतले आहे, रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला त्याला बरीच मजल मारायची आहे. "सोन्याच्या कणांनी कॅन्सर बरा" अशा मथळ्यांवर भरवसा ठेवून शस्त्रक्रिया पुढे ढकलणे महागात पडेल.

आता न ठोठावता उघडलेल्या दाराकडे.

१९६०च्या दशकात बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर नावाचे सर्जन होते. बोस्टनमध्ये कोणी माणकाच्या लेसरने उंदरांच्या गाठी घालवल्याचे त्यांनी वाचले होते, ते त्यांना स्वतः करून पाहायचे होते. त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढले आणि लेसर सोडला. गाठींना काहीच झाले नाही, कारण त्यांचा लेसर त्यांच्या समजुतीपेक्षा फारच मंद होता. प्रयोग फसला. पण लेसर सोडलेल्या उंदरांच्या पाठीवर केस लवकर उगवले आणि जखमा लवकर भरल्या. मेस्टर यांनी ते दुर्लक्षून सोडून दिले नाही. मंद लेसर मांस जाळत नाही, तापवतही नाही, पेशींना कामाला लावतो. पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागात तो प्रकाश शोषला जातो, असे मानले जाते.

कॅन्सर न मारू शकलेला हा मंद लेसरच आज स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांच्या सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, आणि तो पडतो त्यांच्या हातासाठी.

काखेतल्या ग्रंथी काढल्या किंवा तिथे शेक दिला की हातातून परत जाणाऱ्या लसिकेची वाट तुटते. ते पाणी हातात साठू लागते. स्तनाच्या कॅन्सरचा उपचार झालेल्या साधारण पाच जणींपैकी एकीला हा त्रास होतो, कधी लगेच, कधी काही वर्षांनी. सुरुवात बारीक असते. संध्याकाळी अंगठी घट्ट होते. मग ब्लाउजची एक बाही दंडात रुतते आणि शिंपी विचारतो, दोन्ही बाह्यांची मापे वेगळी कशी? मग बांगडी मनगटावरून सरकत नाही. साबण लावून, प्लास्टिकची पिशवी चढवून काढायची वेळ येते आणि शेवटी कासार ती कापतो. हात जड होतो, ठणकतो, कणीक मळवत नाही. लहानशा ओरखड्याने तो लाल होऊन ताप भरतो. कॅन्सर गेला, आता हाताचे काय एवढे, असे घरातलेही म्हणतात आणि कधी कधी डॉक्टरही. जीव वाचलेल्या बाईला हाताबद्दल कुरकुर करायची चोरी होते, हा या आजारातला एक मोठा अन्याय आहे.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या गटाने अशा हातांवर मंद अवरक्त लेसर वापरून पाहिला. अर्ध्या बायकांना खरा लेसर, अर्ध्यांना तसेच दिसणारे पण प्रकाश न सोडणारे यंत्र, आणि कोणाला काय मिळते हे बायकांनाही ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. लेसर काखेत ठरलेल्या बिंदूंवर टेकवायचा, आठवड्यातून तीनदा, तीन आठवडे. मग विश्रांती आणि पुन्हा तशीच दुसरी फेरी. एका फेरीने विशेष फरक पडला नाही. दोन फेऱ्यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मोजले, तेव्हा सुमारे एकतृतीयांश बायकांच्या हाताची सूज २०० मिलिलिटरहून जास्त उतरली होती. म्हणजे पाऊण पेला पाणी हातातून कमी झाले. हा निष्कर्ष २००३ साली छापून आला आणि २००६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हातात धरायच्या त्या यंत्राला या कामासाठी परवानगी दिली.

एकतृतीयांश म्हणजे सगळ्या नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवे. हा लेसर घट्ट बाहीची, म्हणजे कॉम्प्रेशन स्लीव्हची जागा घेत नाही. पट्ट्या बांधणे, हलक्या हाताने केलेला मसाज, व्यायाम, कातडीची काळजी हे सगळे करावेच लागते. लेसर त्यांच्या जोडीला असतो. नुसता लेसर विकणाऱ्या दुकानदारीपासून दूरच राहिलेले बरे.

शेकाने पोळलेल्या कातडीवरही हाच मंद लेसर चालतो. बेल्जियममध्ये हॅसेल्टच्या परिसरात स्तनाच्या कॅन्सरच्या १२० स्त्रियांवर झालेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. शेकाच्या काळात आठवड्यातून दोनदा काहींना खरा लेसर दिला, काहींना खोटा. खोटा लेसर मिळालेल्यांपैकी ३० टक्के बायकांची कातडी सोलून ओली झाली. खरा मिळालेल्यांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास राहिले. स्तनाखालच्या घडीत, काखेत, जिथे घाम साठतो तिथे कातडी ओली झाली की ब्रा घालवत नाही, कुशीवर झोपवत नाही. ज्याने ते एकदा पाहिले, त्याला या दोन आकड्यांमधले अंतर किती मोठे ते कळेल.

पेशींना कामाला लावणारा प्रकाश कॅन्सरच्या पेशींनाही कामाला लावील का, ही शंका योग्यच आहे आणि तज्ज्ञ ती गांभीर्याने घेतात. म्हणून जिवंत गाठीवर थेट असा लेसर सोडत नाहीत आणि ज्या बाईचा कॅन्सर परत आला आहे, तिच्या बाबतीत आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारतात. सौंदर्य केंद्रात किंवा घरी मागवलेल्या यंत्राने हा प्रयोग करू नये, याचे कारण हेच.

फिजिओथेरपीच्या खोलीत हा उपचार चालतो तेव्हा पाहण्यासारखे फारसे काही नसते. बाईच्या आणि थेरपिस्टच्या डोळ्यांवर रंगीत गॉगल. बाई उताणी, हात उशीवर. थेरपिस्ट पेनाएवढ्या जाड दांडीचे टोक काखेतल्या एका बिंदूवर टेकवते, मिनिटभर धरते, यंत्र टिक करते, मग पुढचा बिंदू. ऊब नाही, झिणझिण्या नाहीत. प्रकाश अवरक्त असल्याने दिसतही नाही. पंधरा-वीस मिनिटांत सगळे आटोपते. "काही होतंय का?" थेरपिस्ट विचारते. "काहीच नाही," बाई म्हणते. मग थेरपिस्ट शिंप्याकडे असते तशीच टेप काढते आणि मनगटापासून दंडापर्यंत ठरावीक अंतरांवर दोन्ही हातांचा घेर मोजून वहीत लिहिते. या वहीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ बहुतेक वेळा कोरीच असते. शस्त्रक्रियेच्या आधी दोन्ही हातांची मापे घेऊन ठेवली, तर सूज डोळ्यांना दिसायच्या आत आकड्यांत सापडते, आणि लवकर सापडलेली सूज बाहीने, व्यायामाने, लेसरने सगळ्यात चांगली उतरते. त्याला लागते एक टेप, एक पेन आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची दहा मिनिटे.